नवीन यूएसबी माऊस आडवा हलवला की कर्सर उभा धावतो, रिपोर्ट वाचायचा तरी कसा?

हिंगणा_टी_पॉइंट
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, पाऊच पॅकिंग मशीनचे कंट्रोल पॅनेल बनवतो. कळमन्याकडच्या एका मसालेवाल्याची ऑर्डर आहे, तिथे मिरची पावडरमुळे टचस्क्रीन दोन महिन्यातच खराब होते म्हणून त्याने सांगितलं टच नको, साधा माऊस द्या, खराब झाला तर बदलता येईल. म्हणून कॉर्टेक्स-एम४ वाला बोर्ड घेतला, त्यात यूएसबी होस्ट (माऊस जोडून वाचणारी बाजू) आहे, चिपसोबत मिळणारी लायब्ररी वापरली. बर्डीवरून एक माऊस आणला, पहिल्या दिवशीच मस्त चालला. मग त्याच दुकानातून दहा नग आणले, डबा तोच पण आतला माल वेगळा निघाला आणि आता हे असं होऊन राहिलं:

डावं बटण कायम दाबलेलं दिसते. माऊस आडवा हलवला की कर्सर उभा धावते. राइट क्लिक केलं की कर्सर २ पिक्सेल उजवीकडे सरकते आणि बटण सोडलं की थांबते. खरोखर वर-खाली हलवलं तर काहीच नाही.

मी पहिला बाइट बटणं, दुसरा एक्स, तिसरा वाय असं धरलं आहे, इंटरनेटवर सगळीकडे तेच लिहिलं आहे. होस्टकडून बूट प्रोटोकॉल (ठरलेल्या साध्या मांडणीचा मोड) पण सेट करतो. बफर प्रिंट केला तर प्रत्येक रिपोर्टमध्ये (माऊस एका वेळी पाठवतो तो डेटा) ६ बाइट येतात, हेक्समध्ये (१६ च्या पायात):

हळू उजवीकडे: ०१ ०० ०५ ०० ०० ००
हळू डावीकडे: ०१ ०० एफडी ०एफ ०० ००
हळू खाली: ०१ ०० ०० २० ०० ००
हळू वर: ०१ ०० ०० ई० एफएफ ००

शुक्रवारी पॅनेल द्यायचं आहे. कोणी सांगेल का?

तर्रीवाला
दहाच्या दहा माऊस परत कर न भाऊ, जुनेच मागव. विषय संपला.

हिंगणा_टी_पॉइंट
जुना आता मिळत नाही, दुकानदाराला पण माहीत नाही डब्यात कोणता निघते. आणि उद्या मसालेवाला स्वतः दुसराच माऊस आणून लावेल, तेव्हा काय करू?

बिटवाली_ताई
तुमची लक्षणं इतकी स्पष्ट आहेत की डंप (बाइटांची यादी) नसता दिला तरी सांगता आलं असतं. सगळं एक घर पुढे सरकलं आहे. पहिला बाइट ०१ म्हणजे डावं बटण नाही, तो रिपोर्ट आयडी (कोणता रिपोर्ट ते सांगणारा क्रमांक) आहे. खरी बटणं दुसऱ्या बाइटमध्ये आहेत, म्हणून राइट क्लिक केलं की तिथे ०२ येतो आणि तुमचा कोड त्याला एक्समध्ये २ समजतो. खरा एक्स तिसऱ्या बाइटपासून सुरू होतो आणि तुम्ही तिसऱ्याला वाय धरलं आहे, म्हणून आडवं हलवलं की उभं धावतं.

वायची गंमत चौथ्या बाइटमध्ये आहे. खाली हलवल्यावर २० दिसतो तो ३२ नाही, तो २ आहे, बाइटच्या वरच्या अर्ध्या भागात बसलेला. या माऊसमध्ये एक्स १२ बिटांचा आणि वाय १२ बिटांचा, दोघं मिळून ३ बाइट. तिसरा बाइट म्हणजे एक्सचे खालचे ८ बिट, चौथ्याचा खालचा अर्धा भाग म्हणजे एक्सचे वरचे ४, चौथ्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे वायचे खालचे ४, आणि पाचवा पूर्ण वायचा वरचा भाग. सहावा बहुतेक व्हील असेल, फिरवून बघा.

तुमच्याच डंपवर ताळा करा. डावीकडे: एफडी आणि ०एफ, म्हणजे एक्स झाला एफएफडी. १२ बिटांत वरचा बिट १ आहे म्हणून ४०९६ वजा करायचे, ४०९३ वजा ४०९६ म्हणजे उणे ३. वर: ई० आणि एफएफ, वाय झाला एफएफई, म्हणजे उणे २. चारही ओळी बरोबर बसतात.

हिंगणा_टी_पॉइंट
ताई, बसलो होतो तिथून उठलोच! तीन दिवस त्या २० कडे बघून राहिलो होतो. मग आता पहिला बाइट सोडून द्यायचा आणि बाकी असं उलगडायचं, बरोबर?

बिटवाली_ताई
या माऊससाठी बरोबर. पण असं एका माऊससाठी पक्कं लिहून ठेवू नका, पुढचा माऊस १६ बिटांचा निघेल आणि पुन्हा तेच. रिपोर्ट डिस्क्रिप्टर वाचा. माऊस स्वतःच सांगतो माझा डेटा कसा मांडला आहे, आपण विचारायचं असतं.

कोथरूड_सर्किट
मी थोडा असहमत. डिस्क्रिप्टर पार्सर (तो वाचून अर्थ लावणारा कोड) लिहिणं हे छोट्या कंट्रोलरवर उगाच ओझं आहे. बूट प्रोटोकॉल याचसाठी दिला आहे, संगणकाच्या बायोसला पार्सर लिहावा लागू नये म्हणून. इंटरफेस क्लास ३, सबक्लास १, प्रोटोकॉल २ असेल तर तो बूट माऊस. सेट प्रोटोकॉल या आदेशात ० पाठवा की ठरलेले पहिले ३ बाइट मिळतात: बटणं, एक्स, वाय, एक्स वाय ८ बिट साइन्ड (ऋण-धन दोन्ही), रिपोर्ट आयडी नाही. माझे दोन प्रॉडक्ट याच्यावर चालू आहेत.

पण मग प्रश्न उरतो की धागाकर्ते म्हणतात बूट प्रोटोकॉल सेट केला आहे, आणि डंपमध्ये तर रिपोर्ट आयडी दिसतोय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सेट केल्यावर उत्तर काय आलं ते तपासलंत का? स्टॉल (माऊसचा नकार) आला असेल आणि कोडने दुर्लक्ष केलं असेल.

हिंगणा_टी_पॉइंट
स्टॉल नाही येत, ओके येते. फंक्शनला ० च देतो. उद्या पुन्हा बघतो.

जुना_सोल्डर
बाळा, एक गोष्ट लक्षात ठेव. रिसेट झाल्यावर माऊस रिपोर्ट प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे स्वतःच्या मांडणीच्या मोडमध्ये, उठतो. एचआयडी (माऊस-कीबोर्डसारखी साधनं) स्पेसिफिकेशन १.११, २००१ चं, त्यात होस्टला सांगितलंच आहे की काही गृहीत धरू नका, जो मोड हवा तो स्वतः सेट करा. तुझा जुना माऊस चालत होता यावरून बूट मोड सेट होत होता हे सिद्ध होत नाही. त्याचा नेहमीचा रिपोर्टच बूटसारखा असेल. स्वस्त माऊसमध्ये तसं पुष्कळ वेळा असतं.

फुटाळा_किनारी
मला असाच त्रास झाला होता पण वेगळा. माझा कर्सर फक्त उजवीकडे आणि खाली जायचा, डावीकडे हलवलं तर उजव्या भिंतीला जाऊन धडकायचा. पीसीवर तोच कोड टेस्ट केला तर बरोबर, बोर्डवर टाकला की बिघडला. मी रात्रभर माऊस बदलून बघितले. शेवटी कळलं की मी व्हेरिएबल नुसतं कॅर (char, सी भाषेतला एक बाइटचा प्रकार) घेतलं होतं. पीसीवरच्या कंपायलरमध्ये नुसतं कॅर साइन्ड असतं आणि एआरएमवर (आपल्या बोर्डवर) जीसीसी कंपायलर त्याला अनसाइन्ड धरतो. म्हणजे एफएफ पीसीवर उणे १ आणि बोर्डवर २५५! साइन्ड ८ बिट असं स्पष्ट लिहिलं आणि सुटलं.

हिंगणा_टी_पॉइंट
मी अनसाइन्डच घेतलं आहे... मग जुन्या माऊसवर कसं चाललं? थांबा बघतो. हो, पुढे साइन्डमध्ये कास्ट केलं आहे. बरं झालं तपासलं.

मिहान_नाइटशिफ्ट
इतकं कशाला करायचं, लिनक्स लॅपटॉपला माऊस लावा आणि डेव्ह इनपुट माइस (/dev/input/mice) फाइल हेक्समध्ये बघा, सरळ ३ बाइट येतात. मी आत्ता बघितलं, ०८ ०५ ०० असं येतं. म्हणजे माऊस बरोबरच आहे, तुमच्या होस्टची गडबड आहे.

बिटवाली_ताई
@मिहान_नाइटशिफ्ट नाही हो, तिथे फसायला होतं. ती फाइल माऊसचा यूएसबी रिपोर्ट नाहीच. कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्या माऊसचा डेटा घेऊन जुन्या पीएस/२ (यूएसबीच्या आधीच्या माऊसच्या) पद्धतीत बदलून तिथे देतो. म्हणून पहिला बाइट ०८, कारण पीएस/२ मध्ये तो एक बिट कायम १ असतो, शिवाय एक्स आणि वायचे चिन्हाचे बिटही पहिल्याच बाइटमध्ये बसतात. आणि वाय उलटा! पीएस/२ मध्ये वर गेलं की अधिक, यूएसबीत खाली म्हणजे आपल्याकडे ओढलं की अधिक. कॉलेज प्रोजेक्ट बघायला जाते तेव्हा या एका फाइलवरून वाय उलटा लावलेली मुलं दरवेळी भेटतात.

मूळ डेटा हवा असेल तर एचआयडीरॉ फाइल वाचा. आणि डिस्क्रिप्टर हवा असेल तर यूएसबीएचआयडी-डंप नावाचं टूल आहे, ते चालवा. @हिंगणा_टी_पॉइंट तुम्ही तो डंप इथे टाका ना, बसून वाचू सगळे.

मिहान_नाइटशिफ्ट
अरे हो, वाय उलटा येतोय खरंच. धन्यवाद ताई, हे माहीत नव्हतं.

तर्रीवाला
विषयांतर. आमच्या दुकानातल्या बिलिंग काउंटरवर कूलर सुरू केला की माऊस एक सेकंद मरते आणि मग परत येते. मे महिना आहे, बाहेर ४५ आहे, कूलर बंद ठेवू शकत नाही. हा पण रिपोर्टचाच प्रॉब्लेम का?

जुना_सोल्डर
तो रिपोर्टचा नाही, पॉवरचा आहे. कूलरची मोटर सुरू होताना झटका बसतो, ५ व्होल्ट खाली जातात नाहीतर अर्थमधून विद्युत नॉइज शिरतो, आणि माऊस रिसेट होऊन नव्याने ओळख करून देतो. काउंटरची लाइन कूलरपासून वेगळी कर, अर्थिंग तपासून घे.

पण विषयांतर म्हणू नको, कळमन्यातल्या शेडमध्ये पण मोटरी आहेतच. @हिंगणा, तुझ्या पॅनेलवर व्हीबसला (यूएसबीच्या ५ व्होल्ट लाइनला) चांगला कपॅसिटर लाव, आणि कोडमध्ये माऊस निघाला आणि पुन्हा लागला तर सगळं पहिल्यापासून व्हायला पाहिजे, सेट प्रोटोकॉलसुद्धा. रिसेटनंतर तो पुन्हा रिपोर्ट मोडमध्ये गेलेला असतो. ऑपरेटर बिचारा कर्सर वेडा झाला म्हणून मशीन बंद करून बसेल.

हिंगणा_टी_पॉइंट
काका हे फार मोलाचं सांगितलं तुम्ही. मी फक्त पहिल्यांदा पॉवर देतानाच विचार केला होता.

हा घ्या डिस्क्रिप्टर, सुरुवातीचं कलेक्शन आणि बटणांचा भाग सोडून:

८५ ०१ ... ०५ ०१ ०९ ३० ०९ ३१ १६ ०१ एफ८ २६ एफएफ ०७ ७५ ०सी ९५ ०२ ८१ ०६ ०९ ३८ १५ ८१ २५ ७एफ ७५ ०८ ९५ ०१ ८१ ०६ सी०

बिटवाली_ताई
सुंदर, अगदी शिकवायला ठेवावा असा आहे.

८५ ०१: रिपोर्ट आयडी १. हा दिसला की प्रत्येक रिपोर्टच्या आधी एक बाइट जास्त येणार.
०५ ०१: जेनेरिक डेस्कटॉप पेज. ०९ ३० म्हणजे एक्स, ०९ ३१ म्हणजे वाय.
१६ ०१ एफ८: लॉजिकल मिनिमम उणे २०४७. खालचा बाइट आधी. २६ एफएफ ०७: मॅक्सिमम २०४७.
७५ ०सी: रिपोर्ट साइज १२ बिट. ९५ ०२: असे दोन.
८१ ०६: इनपुट, रिलेटिव्ह, म्हणजे मागच्यापेक्षा किती सरकलं ते.
मग ०९ ३८ व्हील, उणे १२७ ते १२७, ८ बिट, एक.

म्हणजे जे आपण डंपवरून ताडलं तेच माऊसने स्वतः लिहून दिलं आहे. व्हॅल्यू साइन्ड आहे का हे वेगळं लिहिलेलं नसतं, लॉजिकल मिनिमम ऋण असला की साइन्ड.

पार्सर लिहाल तर एका जागी बहुतेक जण अडखळतात. साइज, काउंट, पेज, मिनिमम-मॅक्सिमम हे ग्लोबल आहेत, एकदा आले की बदलेपर्यंत टिकतात. ०९ वाले युसेज (डेटा कशाचा ते सांगणारे) मात्र लोकल आहेत, ८१ आला की पुसले जातात. बघा, व्हीलच्या आधी पेज पुन्हा लिहिलेलं नाही, वरचं ०५ ०१ च चालू आहे. पण युसेज पुसला नाहीत तर व्हीलला एक्स समजाल. आणि बटणांनंतर बाइट पूर्ण करायला बहुधा काही बिट रिकामे भरलेले असतात, ८१ ०१ किंवा ८१ ०३, ते नाव नसलेले बिटसुद्धा मोजायचे, नाहीतर पुढचं सगळं तेवढे बिट सरकतं.

कोथरूड_सर्किट
हे वाचून मान्य करतो की माऊसपुरता पार्सर इतका मोठा नाही. प्रत्येक आयटमच्या पहिल्या बाइटचे खालचे २ बिट लांबी सांगतात, ० ते २ जसंच्या तसं आणि ३ म्हणजे ४ बाइट, त्यामुळे न कळणारा आयटम उडी मारून ओलांडता येतो. एक्स, वाय, व्हील आणि बटणं कुठल्या बिटपासून किती बिट, एवढं टेबल ठेवलं की काम झालं.

तरी बूट मोड हाताशी ठेवा म्हणेन. पार्सरला एक्स सापडलाच नाही तर बूटवर परत यायचं. आणि बूटमध्ये आलेली लांबी ३ च असावी अशी अट टाकू नका, ३ पेक्षा जास्त बाइट पाठवायला माऊसला परवानगी आहे, पुढचे सोडून द्यायचे.

धंतोलीकर
मी दोन-तीन वर्षांपूर्वी ऑप्टिकल माऊस उघडून कापडाची लांबी मोजायला वापरायचा प्रयोग केला होता, होस्ट बोर्डवरच. तिथे कर्सर नव्हताच, नुसती बेरीज होती, म्हणून चूक लगेच पकडली जायची. एक मीटर कापड ओढलं तर कधी ९२ सेंटीमीटर यायचं, कधी ८५. कारण असं निघालं की डिस्प्ले रंगवायला ४० मिलिसेकंद लागत होते आणि इंटरप्ट (रिपोर्ट आला की लगेच चालणारा कोड) मात्र प्रत्येक नवा रिपोर्ट त्याच एका व्हेरिएबलमध्ये लिहून टाकत होता. लो स्पीड माऊसला साधारण ८-१० मिलिसेकंदाने विचारलं जातं, म्हणजे एका रंगवण्यात चार-पाच रिपोर्ट यायचे, मला शेवटचाच मिळायचा. रिलेटिव्ह डेटा आहे, त्यातला प्रत्येक आकडा वेगळं सरकणं आहे, एकही गाळून चालत नाही. इंटरप्टमध्येच बेरीज करायला लागलो, मुख्य लूपने बेरीज उचलायची आणि शून्य करायची, तेव्हा कुठे आकडे जमायला लागले.

याच्या उलटी चूक पण केली होती, माऊसकडे नवीन काही नसलं की तो एनएके (आत्ता काही नाही असं उत्तर) देतो, तेव्हा बफरमध्ये जुनाच रिपोर्ट पडलेला असतो आणि लूप तोच पुन्हा पुन्हा मोजत होता. कापड थांबलं तरी लांबी वाढत होती!

फुटाळा_किनारी
@धंतोलीकर हा अनुभव स्वतंत्र धागा करा ना, कापडवाला. लेन्सपासून कापडाचं अंतर कसं ठेवलंत?

धंतोलीकर
करतो नक्की. अंतरातच सगळा जीव आहे, एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सेन्सर आंधळा होतो.

बुटीबोरी_लोकल
वायरलेस माऊसवाल्यांसाठी एक. डोंगल (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) लावला की त्यात बऱ्याचदा दोन इंटरफेस असतात, पहिला कीबोर्ड, दुसरा माऊस. माझा कोड पहिलाच एचआयडी इंटरफेस पकडून बसायचा आणि मी माऊस हलवत बसायचो, शून्य डेटा. इंटरफेसचा प्रोटोकॉल २ आहे का ते बघूनच पकडा. आणि सेट प्रोटोकॉलमध्ये इंटरफेस नंबर त्याचाच द्या, शून्य ठोकून देऊ नका.

तर्रीवाला
मिरचीच्या शेडमध्ये ऑप्टिकल माऊस म्हणजे खालच्या भोकात तिखट जाणारच. ट्रॅकबॉल दे न भाऊ, चिकटवून टाकता येईल पॅनेलला.

हिंगणा_टी_पॉइंट
@तर्रीवाला हे डोक्यात आलंच नव्हतं, विचारतो मसालेवाल्याला. रिपोर्ट तोच येईल ना?

जुना_सोल्डर
हो, साधा ट्रॅकबॉल होस्टला माऊसच म्हणून दिसतो.

हिंगणा_टी_पॉइंट
सापडलं! कोथरूड सर आणि काका दोघंही बरोबर होते.

लायब्ररीच्या फंक्शनला ० देत होतो म्हणून बूट जात असेल असं समजून बसलो. आज सेटअप पॅकेटचे ८ बाइट पाठवायच्या आधीच प्रिंट केले: २१ ०बी ०१ ०० ०० ०० ०० ००. तिसरा-चौथा बाइट म्हणजे व्हॅल्यू, आणि ती १! म्हणजे रिपोर्ट प्रोटोकॉल. फंक्शनच्या आत जाऊन बघितलं तर तिथे उलटं लिहिलं आहे, शून्य दिलं की व्हॅल्यू १ करते आणि शून्य सोडून काही दिलं की ०. नाव वाचून विश्वास ठेवला, आत कधी बघितलंच नव्हतं. माऊस बिचारा सांगितलं तेच करत होता आणि ओके म्हणत होता.

व्हॅल्यू ० पाठवली आणि नवीन माऊसकडून ०० ०५ ०० असं यायला लागलं, आयडी गायब. जुना माऊस पण इतके दिवस रिपोर्ट मोडमध्येच होता हे पण तपासलं, त्याच्या डिस्क्रिप्टरमध्ये ८५ नाहीच आणि एक्स वाय ८-८ बिट, म्हणून योगायोगाने जमत होतं.

कोथरूड_सर्किट
वा! पॅकेट प्रिंट करून बघितलंत हे उत्तम केलंत. आता शुक्रवार गाठाल.

बिटवाली_ताई
मस्त. व्हीलचं काय करताय? मसाल्यांची यादी स्क्रोल करायला लागेल ना?

हिंगणा_टी_पॉइंट
ताई तेच. यादी ३० मसाल्यांची आहे, बूटमध्ये या माऊसचं व्हील येत नाही. शुक्रवारी बूट मोडवरच पॅनेल देतो, यादीला वर-खालीचे दोन मोठे बाण टाकले. पुढच्या आठवड्यात तुमच्या पद्धतीने पार्सर लिहितो, बेरीज इंटरप्टमध्ये, आणि कनेक्ट झाल्यावर प्रत्येक वेळी पहिल्यापासून. दहाही माऊसचे डिस्क्रिप्टर काढून ठेवले आहेत, त्यात तीन प्रकार निघाले! एकात एक्स वाय १६ बिट आहेत. संध्याकाळी टाइप करून इथेच टाकतो, कोणाकडे वेगळे असतील तर तुम्ही पण टाका.

मिहान_नाइटशिफ्ट
माझ्या ऑफिसच्या माऊसचा टाकतो, बघतो आज रात्री. त्यात आडवं व्हील पण आहे.